सेलफिश खरंच ताशी ११० किमी वेगाने पोहतो का?

“जगातला सर्वात वेगवान मासा कोणता?” हा प्रश्न क्विझमध्ये येतो, रील्समध्ये येतो, स्पर्धा परीक्षांच्या जीके पीडीएफमध्येही येतो. उत्तर ठरलेलं असतं: सेलफिश, ताशी ११० किलोमीटर. शेजारी चित्त्याचा फोटो, आणि पाठीवर निळं शीड उभारलेला एक देखणा मासा.

मासा खरा आहे. आकडा मात्र खरा नाही. आणि तो खोडून काढण्यात ज्या सेन्सरचा हात आहे तो आत्ता तुमच्या हातात आहे. फोन आडवा केला की स्क्रीन फिरवणारा, चालताना पावलं मोजणारा ॲक्सेलरोमीटर. त्याच जातीचे सेन्सर संशोधकांनी माशाच्या अंगावर लावले, जोडीला हाय-स्पीड कॅमेरे वापरले, आणि त्यातून जो सेलफिश समोर आला तो ११० च्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त भारी निघाला.

आधी मासा ओळखून घेऊ

शास्त्रीय नाव इस्टिओफोरस प्लॅटिप्टेरस. यातल्या इस्टिओफोरसचा अर्थच ‘शीड वाहणारा’. पाठीवरचा पर इतका उंच की पूर्ण उघडला तर अंगाच्या उंचीपेक्षा मोठा दिसतो; नको असेल तेव्हा तो मिटून पाठीवरच्या खाचेत बसतो. तमिळ कोळी याला मयिल मीन म्हणतात, म्हणजे मोर-मासा. नाव ठेवावं तर असं! वरचा जबडा पुढे वाढून भाल्यासारखी लांब चोच झालेली असते. मार्लिन याचा जवळचा भाऊबंद, तलवार मासा थोडा लांबचा.

हिंदी, पॅसिफिक आणि अटलांटिक, तिन्ही महासागरांच्या उष्ण भागात तो सापडतो. पूर्वी अटलांटिकमधला सेलफिश वेगळी प्रजाती मानत. आता जनुकीय अभ्यासानंतर बहुतेक तज्ज्ञ सगळ्यांना एकच प्रजाती धरतात. आपल्या बाजूचे मासे आकाराने मोठे. पॅसिफिकमधला गळाने पकडलेला विक्रमी सेलफिश १०० किलोचा होता. तो १९४७ मध्ये इक्वेडोरच्या गालापागोस बेटांजवळ मिळाला. अटलांटिकमधले मासे सहसा याच्या बरेच खाली राहतात.

वाढ भयंकर झपाट्याची. मादी एका हंगामात लाखो अंडी सोडते, एकेक अंडं जेमतेम मिलिमीटरभर. पिल्लाला सुरुवातीला चोच नसते. पण वर्षभरात तेच पिल्लू मीटरभराच्या वर जातं. खाणं म्हणजे तारली, बांगडा, छोटे कुपे, म्हाकूल असं जे मिळेल ते.

गळाला लागला की हा पाण्याबाहेर उड्या मारतो, शेपटीवर उभा राहिल्यासारखा नाचतो, क्षणात शेकडो फूट दोरी खेचतो. म्हणूनच हौशी मासेमारीत, ज्याला गेम फिशिंग म्हणतात, त्याला मोठा मान. आणि ११० चा आकडाही तिथूनच आला.

आकडा आला कुठून?

अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला लाँग की नावाचं बेट आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे श्रीमंत हौशी लोकांचा मासेमारीचा कॅम्प होता. तिथल्या चाचण्यांमध्ये गळाला लागलेल्या एका सेलफिशने ३ सेकंदांत १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर दोरी खेचली अशी नोंद झाली. ९१ भागिले ३ म्हणजे सेकंदाला ३० मीटर. ताशी जवळपास ११० किलोमीटर. झालं!

आता विचार करा. वेळ माणसाने घड्याळात बघून घेतलेली. तीन सेकंदांच्या मोजणीत अर्ध्या सेकंदाची चूक म्हणजे उत्तरात वीस किलोमीटरच्या आसपास फरक. बोट स्थिर होती की उलट्या दिशेला जात होती? मासा पाण्यात होता की हवेत उडी मारत होता? रीळ एकदा जोरात फिरू लागलं की दोरी माशाच्या वेगापेक्षा जास्तही सुटू शकते. एवढ्या शंका असलेला आकडा पुस्तकात छापला गेला, मग दुसऱ्या पुस्तकाने पहिल्यातून उचलला, मग वेबसाइट्सनी पुस्तकातून. आजच्या भाषेत सांगायचं तर फॉरवर्डेड मेनी टाइम्स.

पाणी काय म्हणतं?

पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट आहे. पाण्यात वेग वाढवायचा तर लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट. ताशी ३० वरून ११० वर जायचं तर जवळपास ४९ पट! कुठल्याही माशाच्या स्नायूत एवढी राखीव ताकद बसत नाही.

दुसरी अडचण शेपटीची. शेपटी खूप जोरात हलली की तिच्या कडेला पाण्याचा दाब इतका पडतो की पाण्याची तिथल्या तिथे वाफ होऊन बुडबुडे तयार होतात, आणि ते फुटताना तडाखा बसतो. याला कॅव्हिटेशन म्हणतात. जहाजांचे पोलादी पंखे यामुळे खराब होतात, तर मांसाच्या शेपटीचं काय? २००८ मध्ये संशोधकांनी गणित मांडलं की पृष्ठभागाजवळ पोहणाऱ्या प्राण्यांना सेकंदाला १० ते १५ मीटरच्या पुढे जाणं यामुळेच अवघड आहे. १५ मीटर म्हणजे ताशी ५४ किलोमीटर.

तिसरी गोष्ट स्नायूची, आणि ही मला सगळ्यात आवडते, कारण साध्या गुणाकारात बसते. मासा शेपटीच्या एका फटक्यात आपल्या लांबीच्या साधारण ०.७ पट पुढे जातो असं धरा. २ मीटरचा सेलफिश एका फटक्यात १.४ मीटर जाईल. ताशी ११० गाठायला त्याला सेकंदाला जवळपास २२ फटके मारावे लागतील. प्रत्येक फटक्यात डावा स्नायू एकदा आवळायचा, मग उजवा. म्हणजे एका बाजूला मिळतात फक्त २३ मिलिसेकंद. एवढ्या मोठ्या माशाचा स्नायू इतक्या झटक्यात आवळला जातच नाही.

हे नुसतं कागदावरचं नाही. २०१६ मध्ये बायोलॉजी ओपन या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात संशोधकांनी पकडलेल्या माशांच्या स्नायूला विजेचा सौम्य झटका देऊन तो किती वेळात आवळतो ते प्रत्यक्ष मोजलं. त्यावरून काढलेला सेलफिशचा कमाल वेग निघाला सेकंदाला ८.३ मीटर, दीडेक मीटर इकडे-तिकडे. म्हणजे ताशी ३० किलोमीटर. त्याच अभ्यासात बराकुडा ६.२, छोटा कुपा ५.६ आणि डोराडो ४ मीटरवर थांबले. चौघांत पहिला नंबर सेलफिशचाच. पण उसेन बोल्टने २००९ च्या शर्यतीत गाठलेला सर्वोच्च वेग ताशी ४४ किलोमीटरच्या वर होता. जमिनीवर, अर्थात.

ॲक्सेलरोमीटरने काय पाहिलं?

फोनमधला ॲक्सेलरोमीटर म्हणजे सिलिकॉनच्या चिपवर कोरलेलं, केसाहून बारीक स्प्रिंगांवर टांगलेलं इवलंसं वजन. फोन हलला की वजन मागे राहतं, शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं, त्यामुळे विजेचा संकेत बदलतो आणि फोनला कळतं की कुठल्या दिशेला किती झटका बसला. आडवी, उभी, पुढची अशा तीन दिशांना हे चालू असतं.

माशाच्या पाठीवर हाच सेन्सर लावला की आडव्या दिशेचा आलेख लाटेसारखा येतो: शेपटी डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. लाटा मोजल्या की फटके कळतात, जसं तुमचं ॲप पावलं मोजतं. लाट अचानक दाट आणि उंच झाली की समजायचं, माशाने झेप घेतली. २०१५ मध्ये मेक्सिकोजवळच्या सेलफिशवर ॲक्सेलरोमीटर आणि हाय-स्पीड व्हिडिओ दोन्ही वापरून अभ्यास आला. त्याच्या शीर्षकातच ‘नॉट सो फास्ट’ असे शब्द होते. शिकार करताना माशाचा वेग जुन्या आकड्याच्या जवळपासही जात नव्हता.

मग एवढा मोठा, वळायला जड मासा चपळ तारल्या पकडतो तरी कसा? खरी गोष्ट इथे सुरू होते.

चोच आत सरकवायची, हळूच

मेक्सिकोच्या कानकूनजवळ इस्ला मुहेरेस नावाचं बेट आहे. हिवाळ्यात तिथे सेलफिशचे थवे तारल्यांच्या मागे येतात. मोठ्या थव्यातून तारल्यांचा एक छोटा घोळका वेगळा काढतात, त्याला पृष्ठभागाकडे रेटतात, आणि मग एकेक जण पुढे होतो.

कल्पना अशी होती की सेलफिश सुसाट येऊन चोच भोसकत असेल. व्हिडिओत भलतंच दिसलं. तो घोळक्याच्या मागून येतो, जवळजवळ तारल्यांच्याच वेगाने, आणि आपली लांब चोच त्यांच्यामध्ये अलगद सरकवतो. चोच इतकी निमुळती की पाणी फारसं हलत नाही, आणि तारल्या बिचकतही नाहीत! शत्रूचं हत्यार मध्ये येऊन थांबलंय आणि कुणाला पत्ता नाही. मग दोन पर्याय: एखाद्या माशाला नुसती टिचकी मारून तोल घालवायचा, किंवा डोकं झटकन बाजूला मारून चोच तलवारीसारखी फिरवायची. या फटक्यात चोचीचं टोक ज्या झटक्याने वेग पकडतं, तसं पाण्यातल्या पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत क्वचितच मोजलं गेलंय. चोचीवर बारीक दातांची खरड असते, त्यामुळे नुसतं घासलं तरी तारलीचे खवले आणि कातडी निघते.

आणि ते प्रसिद्ध शीड? तो फटका मारताना अंग उलट दिशेला फिरू नये म्हणून उभारलेलं असतं. कॅमेऱ्याच्या स्टॅबिलायझरसारखं.

वेगाचा बादशहा या प्रतिमेला आणखी एक धक्का आकडेवारीने दिला. २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं की सेलफिशच्या हल्ल्यांपैकी फक्त २४ टक्के हल्ल्यांत मासा तोंडात जातो. चारातले तीन फुकट. पण ९५ टक्के हल्ल्यांत एकाहून जास्त तारल्या जखमी होतात. जखमी तारल्या दमतात, मागे पडतात, आणि पुढच्या सेलफिशला सोप्या जातात. म्हणजे माझा फुकट गेलेला वार तुझ्या कामी, तुझा माझ्या. कुणी नेता नाही, ठरवाठरवी नाही, नुसती पाळी. गणिती मॉडेल सांगतं की अशा पाळीपाळीच्या शिकारीचा फायदा ७० पर्यंतच्या थव्यात प्रत्येकाला मिळतो.

यातही गंमत अशी की प्रत्येक सेलफिशची एक आवडती बाजू असते. काही जण डावीकडेच फटका मारतात, काही उजवीकडेच; चोचीवरचे दातही त्या बाजूला जास्त झिजलेले सापडले. ज्याची बाजू जितकी पक्की, त्याचा नेम तितका चांगला. पण एकाच बाजूला चेंडू वळवणारा गोलंदाज फलंदाजाच्या लक्षात येतो, तसा एकटा सेलफिश तारल्यांच्या लक्षात यायला हवा. थव्यात डावरे-उजवे मिसळलेले असल्यामुळे तारल्यांना पुढचा वार कुठून येणार याचा अंदाज लागत नाही.

मग दोघे एकदम घुसून एकमेकांना चोच का मारत नाहीत? याचं एक उत्तर रंगात असावं. शिकारीच्या वेळी सेलफिशच्या अंगावरचे पट्टे झर्रकन उजळतात. त्याचा भाऊबंद असलेल्या पट्टेरी मार्लिनवर ड्रोनने केलेलं चित्रीकरण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात हल्ला करणारा मासा नेमका हल्ल्याआधी उजळतो आणि नंतर मंद होतो. गाडीच्या इंडिकेटरसारखं: आता मी जातोय, तू थांब.

डोळ्यांसाठी हीटर

फोनचा प्रोसेसर तापला की आपण वैतागतो, कारण ती वाया गेलेली ऊर्जा असते. सेलफिशच्या डोक्यात एक अवयव फक्त तापण्यासाठीच आहे. डोळा फिरवणाऱ्या एका स्नायूचा भाग बदलून त्याचा हीटर झालाय. त्यातल्या पेशींनी आकुंचन पावण्याची यंत्रणा जवळजवळ सोडून दिली आहे, आणि त्या ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांनी ठासून भरलेल्या आहेत. कॅल्शियम आत-बाहेर करत राहायचं आणि उष्णता काढायची, एवढंच काम. बाकी अंग पाण्याइतकं थंड, डोळे आणि मेंदू मात्र उबदार.

कशासाठी? तुमच्या फोनमध्ये ६० आणि १२० हर्ट्झच्या डिस्प्लेतला फरक आठवा. डोळ्यालाही असाच एक दर असतो, आणि थंडीत तो पडतो. तलवार माशाच्या डोळ्यावर २००५ मध्ये केलेल्या प्रयोगात दिसलं की डोळा उबदार असेल तर झटपट हालचाल टिपण्याची ताकद, खोल थंड पाण्यातल्या थंड डोळ्याच्या तुलनेत, दहापटीहूनही जास्त असू शकते. वळणाऱ्या तारलीचा नेम धरायला यापेक्षा चांगलं काय हवं?

जीपीएस नाही, मग पत्ता कसा लागतो?

जीपीएसचे सिग्नल पाण्यात शिरत नाहीत. म्हणून मोठ्या समुद्री माशांना ‘पॉप-अप’ टॅग लावतात. हाताच्या पंज्याएवढं, तरंगणारं यंत्र, पाठीच्या स्नायूत बारीक बाणाने अडकवलेलं. ते खोली, तापमान आणि उजेड नोंदवत राहतं. उजेडावरून दिवस किती मोठा होता ते कळतं, त्यावरून अक्षांश. दुपार किती वाजता झाली त्यावरून रेखांश. जुन्या खलाशांचीच युक्ती, फक्त चिपमध्ये. यात शंभरेक किलोमीटरची चूक सहज होते, आणि २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या आसपास, जेव्हा सगळीकडे दिवस सारखाच असतो, तेव्हा अक्षांशाचा अंदाज पार कोलमडतो.

ठरलेल्या तारखेला टॅग आपल्याच पिनेत वीज सोडून ती गंजवतो, सुटतो, वर येतो, आणि माहिती आर्गोस यंत्रणेच्या उपग्रहांना पाठवतो. यातलं एक उपकरण आपल्या सरल उपग्रहावर आहे. इस्रो आणि फ्रान्सने मिळून तो २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडला.

टॅगांनी दाखवलेला सेलफिशचा पत्ता साधा आहे: कोमट पाण्याचा वरचा थर. खाली डुबक्या मारतो, पण मुक्काम वरच. सगळे मासे महासागर पालथा घालत नाहीत. अबू धाबीच्या संशोधकांनी पर्शियन आखातात टॅग लावलेले जे सेलफिश पुन्हा सापडले ते आखाताच्या आतच होते, आणि त्यांची जनुकंही बाहेरच्या हिंदी महासागरातल्या माशांपेक्षा वेगळी निघाली. म्हणजे तिथला साठा कमी झाला तर बाहेरून भरून येईल याची खात्री नाही.

वरून जाळं, खालून गुदमर

इथे गोष्ट आपल्या किनाऱ्यापाशी येते. अरबी समुद्रात साधारण शंभर-दीडशे मीटरपासून खाली हजार मीटरपर्यंत ऑक्सिजन जवळजवळ नसलेला प्रचंड थर आहे, जगातल्या सर्वात मोठ्या अशा थरांपैकी एक. पावसाळ्यात आणि त्यानंतर कमी ऑक्सिजनचं पाणी आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत आणखी वर चढतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेने याचा बराच अभ्यास केलाय. सेलफिशसारख्या धावत्या माशाला ऑक्सिजन भरपूर लागतो, त्यामुळे असा थर त्याच्यासाठी जमिनीसारखाच. मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळ अशाच थरावर राहणारे सेलफिश वरच्या पातळ पट्टीत अडकलेले टॅगांवरून दिसले. तिथे ते आकाराने मोठे असतात, कारण त्यांचं खाद्यही त्याच पट्टीत कोंडलेलं. पण शिकारी माणसालाही ते तितकेच सोपे. समुद्र तापेल तसे हे थर वाढत आहेत.

हिंदी महासागरात सेलफिश सर्वात जास्त अडकतो तो गिलनेटमध्ये, म्हणजे वरच्या पाण्यात पडद्यासारख्या उभ्या सोडलेल्या जाळ्यात. इराण, भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका हे यातले मोठे देश. बहुतेकदा जाळं कुप्यासाठी असतं, सेलफिश सोबत येतो. हिंदी महासागर टूना आयोगाने २०१८ मध्ये सेलफिशच्या पकडीला वर्षाला २५,००० टनांची मर्यादा ठरवली, आणि पकड त्याच्या वर जात राहिली. आययूसीएनच्या लाल यादीत हा मासा आता ‘असुरक्षित’ गटात आहे.

हौशी मासेमारीत त्याला पकडून सोडायची पद्धत रूढ होतेय. गोल वळणाचा गळ वापरला तर तो पोटात न रुतता तोंडाच्या कोपऱ्यात अडकतो आणि मासा वाचण्याची शक्यता वाढते. फोटोसाठी त्याला उचलून मांडीवर घेणं मात्र त्याच्या जिवावर बेतू शकतं, कारण हवेत कल्ले चिकटतात आणि श्वास बंद होतो. कोस्टा रिकात सेलफिशला पाण्याबाहेर काढायलाच बंदी आहे. फोटो काढायचा तर बोटीच्या कडेला, पाण्यात.

बंदरावर मात्र फोटो काढलाच पाहिजे. लांब चोचीचे सगळे मासे एकाच नावाखाली लिहिले जाणं ही पकडीच्या आकडेवारीतली जुनी डोकेदुखी आहे. चोच चपटी आणि खूप लांब, पोटाखाली पर अजिबात नाहीत, तर तो तलवार मासा. चोच गोल, पाठीवरचा पर पुढे टोकदार आणि मागे बुटका, तर मार्लिन. पर उघडून अंगाच्या उंचीच्या वर गेला आणि पोटाखाली दोन लांब दोऱ्यांसारखे पर लोंबत असतील, तर सेलफिश. आयनॅचरलिस्टवर टाकताना पाठीवरचा पर हाताने उघडून एक फोटो आणि पोटाकडून एक, एवढे दोन पुरेत.